विमान संध्याकाळचे, दिवस डिचोली-पेडण्याचा

गोव्यातून परत जाणाऱ्या पाहुण्यांचा शेवटचा दिवस हा नेहमीच डोकेदुखीचा विषय असतो. हॉटेलची खोली सकाळी सोडायची, विमान संध्याकाळी, आणि मधल्या सात-आठ तासांचे करायचे काय? मग कुणी बाजारात काजू घेत फिरते, कुणी सामान सांभाळत हॉटेलच्या सोफ्यावर पेंगते, तर कुणी "उशीर नको बाई" म्हणत दुपारी एकलाच विमानतळ गाठून तिथे महागडा चहा पीत बसते.

गेल्या मार्गशीर्षात पणजीला आमच्याकडचे एक लग्न होते. ताई आणि भावोजी त्यासाठी दिल्लीहून आले होते. ताई आमची बेळगावची, भावोजी धारवाडचे. घरात आईशी मराठी आणि वडिलांशी कन्नड बोलणारी त्यांची लेकही सोबत होती. ती मला मावशी म्हणते, पण काही हवे असले की "चिक्कम्मा" अशी हाक येते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे विमान संध्याकाळी सव्वासातचे होते, मोप्याहून. आमची गाडी बेळगावहून आणलेली होती. ताईची पुन्हा भेट कधी होईल ते सांगता येत नव्हते, कारण भावोजींचे गुडघे आता प्रवासाला फारशी साथ देत नाहीत. तेव्हा तो दिवस बाजारात घालवायचा नाही, असे मी ठरवून टाकले.

भाचीला समुद्र हवा होता. भावोजींना देऊळ चालले असते, पण पायऱ्या कमी हव्या होत्या. ताईला फक्त बोलत बसायचे होते. या तिघांना एका गाडीत बसवून मी जो बेत आखला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देते आहे.

तोंड विमानतळाकडे

मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याआधी गोव्याचे विमान म्हणजे दाबोळी, वास्कोजवळ. दाबोळीचा विमानतळ आजही आहे, त्यामुळे तिकिटावर कोणते नाव आहे ते आधी नीट वाचावे. मोपा आहे गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. पणजीहून महामार्गाने थेट गेले तर अंतर साधारण ३५ किलोमीटर.

माझा नियम साधा होता. सकाळी लांबचे पाहून घ्यायचे, दुपारनंतर प्रत्येक थांबा विमानतळाच्या जवळ जवळ नेणारा हवा. म्हणून जेवणाआधी डिचोली तालुका आणि जेवणानंतर पेडणे. भाचीने तेरेखोलचा किल्ला सुचवला होता. किल्ला सुंदर, खाली समुद्रही आहे. पण तो वाट वाकडी करून किनाऱ्याकडे नेतो आणि केरीची फेरीबोट चुकली तर पोटात गोळा येतो. तेरेखोलसाठी वेगळा दिवस हवा, असे सांगून तिची समजूत घातली. ती काही लगेच पटली नाही.

आपल्या बेळगावकरांना डिचोली खरे तर परकी नाही. चोर्ला घाट उतरला, अंजुणे धरण मागे टाकले, की केरी, साखळी आणि मग डिचोली. (ही केरी सत्तरीतली, समुद्रकाठची नव्हे.) वर्षातून चार-सहा वेळा आपण या वाटेने जातो. पण जातो ते पणजीच्या ओढीने. डिचोलीत गाडी थांबते ती फार तर चहाला.

दोन फेरीबोटी आणि एक देव

आठ वाजता पणजी सोडली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवली आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरलो. बेटावर दोन्ही बाजूंना खाजन शेती आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन. बांधात जागोजागी मानशी असतात. भरती-ओहोटीच्या पाण्याचा हिशेब या मानशीच्या दारांनी ठेवला जातो. बेट पार करून दुसऱ्या टोकाला गेलो की पुन्हा फेरीबोट. पलीकडच्या काठावर नार्वे, डिचोली तालुका.

नदीचा हा फाटा ओलांडायला पाच-दहा मिनिटे लागतात. पण गोव्याचा निम्मा इतिहास त्या पाण्यात आहे. सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ अलीकडे, दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. भक्तांनी लिंग कसेबसे मिळवून नदीपार नेले. नदीपारच का? तर तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले होते, पण डिचोली नव्हती. डिचोली आणि पेडणे त्यांच्या हाती कायमचे लागले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणून या भागाला 'नव्या काबिजाती' म्हणत. तोपर्यंत देवळे पाडण्याचा काळ सरला होता. या दोन तालुक्यांत गावोगाव जुनी देवळे का दिसतात, याचे उत्तर त्या पाच-दहा मिनिटांच्या बोटीत मिळते.

नार्व्याचे देऊळ मोठे नाही. जांभ्या दगडाचे, उतरते छप्पर, वर घुमट, समोर दीपस्तंभ. भोवती माडा-पोफळीची सावली. गोवा सरकारने त्याची डागडुजी केली आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. दारावर शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, या दिवशी शिवाजीराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला आरंभ झाला, असा त्याचा आशय. इंग्रजी तारीख येते १३ नोव्हेंबर १६६८.

आता आमच्या घरातली गंमत सांगते. गेली चाळीस वर्षे ताई-भावोजींच्या घरात एक लुटुपुटुचे भांडण चालू आहे. कुठलाही जुना किल्ला-देऊळ दिसले की 'हे आमचे' म्हणायची दोघांना घाई. नार्व्याला पायरी चढताच भावोजी म्हणाले, "इदु नम्म कदंबर देवरु." म्हणजे हा आमच्या कदंबांचा देव. मी ताईकडे पाहिले. ती शिलालेखाकडे बोट दाखवून आता काही तरी बोलणार, असे वाटले.

पण भावोजींचे म्हणणे खरेच होते. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. आपल्याला त्याच्या वरप्रसादाने राज्य लाभले, असे ते आपल्या नाण्यांवर अभिमानाने कोरून घेत. याच घराण्यातल्या शिवचित्त पेर्माडीच्या काळातला शिलालेख आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला आहे. त्याची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगावला कमलनारायणाचे देऊळ बांधले. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली दोन देखणी देवळे आणि गोव्याचा हा देव एकाच घराण्याशी बांधलेली. गोव्याच्या सरकारी बसवर 'कदंब' हे नाव आपण रोज वाचतो, ते याच राजघराण्याचे.

पुढचा इतिहास आणखी बोलका आहे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देवळाची नासधूस झाली. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव याने देवाची पुन्हा स्थापना केली. पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले, तेव्हा नदीपार नेऊन लिंग जपले ते गावकऱ्यांनी. आणि शंभरेक वर्षांनी देऊळ उभे केले शिवाजी महाराजांनी. कन्नड राजांनी पुजले, विजयनगरने सावरले, मराठी राजाने बांधले. यातला एक हात जरी कमी पडला असता, तरी आज तिथे हात जोडायला काही उरले नसते.

हे मी बोलून दाखवले नाही. दाखवायची गरजच पडली नाही. मी प्रदक्षिणा घालून आले तेव्हा भावोजी चष्मा वर सारून दारावरचा लेख एकेक अक्षर लावत लेकीला वाचून दाखवत होते. आणि ताई तिला हलशीची सहल सांगत होती. शाळेत असताना बेळगावहून गेलेली सहल, वराह-नरसिंहाचे देऊळ आणि डब्यातली थंड झालेली पोळी. दोघांनी एकमेकांची बाजू कधी उचलली, ते त्यांना कळलेही नाही.

जांभ्यातली लेणी

नार्व्याहून डिचोली शहर जवळ आहे. गावातला नमाजगाह बाहेरूनच पाहिला. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, तेव्हाचा म्हणजे १६८३ च्या सुमाराचा तो मानतात. मयेचा तलावही वाटेपासून फार लांब नाही, पण आम्ही तो सोडला. एका दिवसात सगळे पाहायचा हट्ट धरला की काहीच पाहून होत नाही.

डिचोली म्हटले की लाल धूळ आणि खनिजाचे ट्रक, ही आपल्या पिढीची आठवण. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. नंतर लिलाव करून नवे पट्टे दिले गेले, पण मधल्या काळात ट्रकांचे हप्ते थकलेल्या घरांनी काय सोसले, ते या तालुक्यात कुणालाही विचारावे. कापलेले लाल डोंगर आणि खड्ड्यांत साचलेले हिरवे पाणी गाडीतूनही दिसते. पाहायला छान वाटते म्हणून फोटो काढतो खरे, पण तो डोंगर होता हे लेकरांना सांगायला हवे.

साखळीजवळ हरवळ्याची लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. वनवासात पांडव इथे राहिले, असे सांगतात. अभ्यासक ती साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. एका ओळीत खोल्या, आत शिवलिंगे. आपल्याकडे घरे बांधायला जो जांभा वापरतात, त्यातच ही कोरलेली आहेत. जांभा काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, हे आपल्या गवंड्यांना पाठ आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनाही ते ठाऊक असणार. पुढे रुद्रेश्वराचे देऊळ आणि हरवळ्याचा धबधबा. पाण्यापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून भावोजी देवळाच्या ओट्यावर बसले आणि ताईही त्यांच्याजवळ बसली. भाची आणि मी खाली गेलो. पावसाळ्यात इथे कान बधिर होतात. मार्गशीर्षात पाणी कमी झालेले, पण पायाला गार लागत होते. समुद्र राहिल्याचा तिचा रुसवा तिथे वाहून गेला.

जेवण साखळीत घेतले. भावोजी शाकाहारी. किनाऱ्यावर असतो तर त्यांच्या ताटात बटाट्याची भाजी आली असती. इथे भात, सोलकढी, खतखते आणि लोणचे मिळाले. दोन वाजता निघालो.

बहिणींच्या वाटेने पेडण्याला

साखळीहून परत डिचोली, मग अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल आणि धारगळ, अशी पेडण्याची वाट आहे. अस्नोड्याच्या अलीकडे शिरगाव लागते. हे लईराईचे गाव. वैशाखात इथली जत्रा भरते आणि व्रत केलेले धोंड हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. मे २०२५ मधल्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. म्हणून विमान गाठायचे असेल तर जत्रेच्या दिवसांत या वाटेला जाऊ नये. एरवी मात्र गाव शांत असते.

लईराईच्या बहिणींची कथा ताईला फार आवडली. सात बहिणी आणि एक भाऊ. एक बहीण मोरजाई, पेडणे तालुक्यातल्या मोरजीला. एक म्हापशाची मिराबाई, जिला ख्रिस्ती लोक मिलाग्रीस सायबीण म्हणून भजतात आणि हिंदूही तिच्यापुढे तेल वाहतात. "बहिणी अशाच वेगवेगळ्या घरी जायच्या," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. त्यानंतर कोलवाळच्या पुलापर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

पूल ओलांडला की बार्देश संपून पेडणे सुरू होते. पेडणे गावात भगवतीचे देऊळ भर रस्त्यावर आहे, दाराशी काळ्या दगडाचे दोन मोठे हत्ती. कोजागिरीला इथे पेडण्याची प्रसिद्ध 'पुनव' असते. हा सारा मुलूख एके काळी सावंतवाडीच्या भोसल्यांचा. बोलण्याचा हेल आणि ताटातली चव यांत ते अजून जाणवते.

पेडण्याहून महामार्गाने उत्तरेला गेलो की सीमेवर पत्रादेवी येते. इथे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. इथे पडलेल्यांत कर्नैलसिंग होते, पंजाबातल्या इसरू गावचे तरुण शिक्षक. गोव्याशी त्यांचे ना नाते ना भाषा. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर सहा वर्षे लागली, १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. मधल्या काळात सीमा बंद झाली, कॅसलरॉकची रेल्वे थांबली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांची माहेरे-सासरे सीमेच्या दोन बाजूंना अडकून पडली.

आमची आई त्या वेळची एक आठवण सांगत असे. बेळगावला सत्याग्रहींची तुकडी आली की गल्लीतून भाकऱ्या गोळा होत. आमच्या शेजारच्या कन्नड काकू आणि आजी एकाच चुलीवर आळीपाळीने भाकऱ्या थापत. एकीला दुसरीची भाषा जेमतेमच येई. ताईने ती आठवण स्मारकासमोर लेकीला सांगितली. भाचीने विचारले, "मग त्या बोलायच्या कशा?" ताई म्हणाली, "पीठ संपले एवढे कळायला काय लागते?"

पठारावर

पत्रादेवीहून मोपा जवळच. विमानतळाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारी तांबडी भाजी, मुळे आणि आळसांदे घेऊन बसली होती. पांढरे आळसांदे पाहून ताईने गाडी थांबवायला लावली. मोजून देताना म्हातारी पठाराकडे हात करून म्हणाली, "आमची काजी थंय आसली." आमच्या काजू तिथे होत्या. तक्रारीचा सूर नव्हता, दिशा सांगावी तसे म्हणाली.

मोप्याचे पठार विमानतळ होण्याआधी मोकळे नव्हते. काजूची झाडे होती, चरायला गुरे होती. पर्यावरणाच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये कामाची परवानगी स्थगित केली होती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती स्थगिती उठली. आज या विमानतळामुळे आपली सोय झाली आहे, सावंतवाडी-बांद्याच्या लोकांचीही झाली आहे. पेडण्याच्या मुलांना नोकऱ्या मिळाव्यात ही तिथली रोजची मागणी आहे. पण ज्या गावाच्या जमिनीवरून आपण उडतो, त्या गावाला निदान दोन तास द्यावेत, तिथे चार पैशांची भाजी घ्यावी, एवढे तर आपल्या हातात आहे.

पावणेपाचला विमानतळावर पोहोचलो. घाई नाही, धावपळ नाही. आत जाण्याआधी दोघी बहिणींना पाऊण तास बसायला मिळाला.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार सूचना. विमान संध्याकाळी सहाच्या आधीचे असेल तर हरवळे गाळून नार्व्याहून थेट पेडणे गाठावे. फेरीबोटीची वाट पाहायची तयारी नसेल तर नार्व्याला रस्त्यानेही जाता येते. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी, गोव्यात तीच कायदेशीर. देवळे दुपारी बंद असू शकतात, म्हणून नार्वे सकाळीच करावे. मोठे सामान आदल्या रात्रीच बांधून गाडीच्या तळाशी टाकावे. आणि पाहुण्यांना सोडून त्याच रात्री घाट चढून बेळगाव गाठायचा मोह टाळावा. आम्ही रात्री म्हापशाला राहिलो आणि सकाळी चोर्ल्याने आलो.

आठवड्याने ताईचा फोन आला. आळसांद्याची उसळ झाली होती. भावोजींना गुडघ्याचा त्रास झाला नव्हता. मग भाचीने फोन घेतला आणि लाडात म्हणाली, "चिक्कम्मा, पुढच्या वेळी सुरुवात हलशीपासून करायची हं. अप्पा आत्तापासून नकाशा घेऊन बसलेत."